तत्त्वज्ञानातून सांस्कृतिक विविधता आणि ओळख: ठाणे-नवी मुंबईकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बारावीचा निकाल लागला की ठाणे, कळवा, ऐरोली, वाशी, नेरूळ इथून संस्कृती आणि ओळख यांचा तत्त्वज्ञानातून अभ्यास करण्याबद्दलचे ठरावीक प्रश्न यायला लागतात. काही मुलांचे, बरेचसे त्यांच्या आईवडिलांचे, एखाददुसरा निवृत्तीनंतर एमए करू पाहणाऱ्या काकांचा. तत्त्वज्ञान शिकवत असल्यामुळे उत्तरं द्यायचं काम माझ्याकडे येतं, म्हणून ती एकदाची लिहून ठेवतो. हवं तिथून वाचा.

संस्कृती, समाज, ओळख हे सगळं समाजशास्त्रात शिकवतातच. त्यासाठी तत्त्वज्ञान कशाला?

टेंभी नाक्यावर शार हाशमायिम हे सिनेगॉग आहे, 1879 मध्ये बांधलेलं. ठाण्यातले बेने इस्रायली, म्हणजे कोकणातले ज्यू, तिथे प्रार्थनेला जातात. घरात मराठी, आडनावं पेणकर, रोहेकर अशी जुन्या कुलाबा (आताच्या रायगड) जिल्ह्यातल्या गावांवरून पडलेली. शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून कोकणात त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. हा समाज कुठे राहिला, लग्नं कशी जमवतो, किती कुटुंबं इस्रायलला गेली, हे समाजशास्त्र सांगतं, आणि चांगलं सांगतं.

पण पुढचं बघा. इस्रायलला गेलेल्या बेने इस्रायलींना 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या धर्मपीठाने अडवलं. इतर ज्यूंशी लग्न करायचं तर आधी तुमच्या पूर्वजांची छाननी होईल, असं सांगितलं. लोक रस्त्यावर उतरले. 1964 मध्ये ते सर्वार्थाने ज्यू आहेत असं तिथल्या सरकारने जाहीर केलं, तेव्हा प्रकरण निवळलं. आता सांगा, एखादा माणूस ज्यू आहे की नाही हे ठरवायचा अधिकार कुणाचा? त्याचा स्वतःचा, धर्मपीठाचा, सरकारचा? कशावरून ठरवायचं, वंशावळीवरून की पिढ्यान्‌पिढ्या पाळलेल्या शब्बाथवरून, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीवरून? कुठलंही उत्तर निवडलंत तरी त्याचं कारण द्यावं लागतं, आणि तेच कारण उद्या जातीला, भाषेला, नागरिकत्वाला लावून बघावं लागतं. सगळी माहिती हाताशी आल्यावरही जो वाद उरतो, तो तत्त्वज्ञानाच्या वाट्याचा.

‘सांस्कृतिक विविधता आणि ओळख’ या नावाची पदवी शोधली, कुठेच दिसली नाही.

दिसणार नाही. पदवी तत्त्वज्ञानाची, आणि हा विषय तिच्या तीन-चार पेपरांत विखुरलेला असतो: सामाजिक-राजकीय तत्त्वज्ञान, नीतिशास्त्र, भारतीय तत्त्वज्ञान, आणि ‘मी म्हणजे नेमकं कोण’ हा जुना प्रश्न जिथे येतो तो सत्तामीमांसेचा पेपर. बीएला त्यांची तोंडओळख होते. खरी खोली एमएला, आणि तिथेही ऐच्छिक पेपर कुठले घेता त्यावर अवलंबून.

ठाण्यात किंवा नवी मुंबईत राहून कुठे शिकता येईल?

मुंबई विद्यापीठाचा तत्त्वज्ञान विभाग कलिन्याला, विद्यानगरीतल्या ज्ञानेश्वर भवनात आहे. ठाण्याहून मध्य रेल्वेने आणि वाशी-नेरूळहून हार्बरने कुर्ला गाठायचं, पश्चिमेला उतरून बस किंवा रिक्षा धरायची. सकाळच्या गर्दीत कुर्ल्याचा जिना हाच या अभ्यासक्रमाचा सर्वांत अवघड भाग, असं मुलं म्हणतात. ते फारसं खोटं नाही.

बीएसाठी मात्र कॉलेज जपून निवडा. तत्त्वज्ञान आता थोड्याच कॉलेजांत उरलंय. माटुंग्याच्या रुईयात हा विषय आहे. घराजवळच्या कॉलेजच्या माहितीपत्रकात तो दिसला तरी तेवढ्यावर थांबू नका, ऑफिसात जाऊन दोन गोष्टी विचारा. एक, मेजर म्हणून शेवटच्या वर्षापर्यंत घेता येतो की फक्त मायनर म्हणून? दोन, गेल्या वर्षी वर्ग खरंच भरला होता का? पोरं कमी झाली की विषय कागदावर राहतो आणि मुलांना दुसरीकडे वळवतात.

नोकरी करून शिकायचं असेल तर इग्नूचं तत्त्वज्ञानातलं एमए आहे, घरबसल्या होतं. पीएचडीपर्यंत जायचं असेल तर पवईच्या आयआयटीतही मानव्यविद्या विभागात तत्त्वज्ञानात पीएचडी करता येते. इंजिनिअरिंगच्या कॉलेजात हे कसं, असं लोक विचारतात. असतं.

बारावी सायन्स किंवा कॉमर्स झालंय. चालेल?

बीएला चालेल. सायन्सची मुलं तर्कशास्त्रात पटकन रुळतात, निबंध लिहायला वैतागतात.

मराठीतून शिकता येतं का?

येतं, आणि मराठीत या विषयाचा संसारही मोठा आहे. दे. द. वाडेकरांनी संपादित केलेला तीन खंडांचा ‘मराठी तत्त्वज्ञान महाकोश’ 1974 मध्ये आला. पुणे विद्यापीठाच्या तत्त्वज्ञान विभागातून ‘परामर्श’ हे नियतकालिक निघत आलं. अमळनेरला प्रताप शेठजींनी 1916 मध्ये तत्त्वज्ञान केंद्र उभं केलं. मे. पुं. रेगे दादरच्या कीर्ती कॉलेजात होते, पुढे वाईला विश्वकोशाचं काम पाहिलं आणि ‘नवभारत’ मासिक चालवलं. रेग्यांचं लेखन वाचलंत तर मराठीत अवघड गोष्ट किती सरळ मांडता येते हे कळेल, आणि आपल्या परीक्षेतल्या उत्तरांची लाजही वाटेल.

अडचण एकच. ओळख आणि बहुसंस्कृतिवाद (एका देशात अनेक संस्कृतींना कशी जागा द्यायची याचा विचार) यांवरचं गेल्या चाळीसएक वर्षांतलं मुख्य लेखन इंग्रजीत आहे, आणि मराठीत आलेलं फार थोडं. पेपर मराठीत लिहा, वाचन इंग्रजीत करायची तयारी ठेवा. पहिल्या सहामाहीत एका लेखाला आठवडा लागतो, पुढे वेग येतो.

वर्गात नेमकं वाचतात काय?

सुरुवात बहुतेक कॅनडापासून होते. तत्त्वज्ञ चार्ल्स टेलर हे क्विबेकचे. इंग्रजी बोलणाऱ्या देशात फ्रेंच बोलणारा प्रांत ही त्यांच्या घरचीच भानगड. 1992 मध्ये त्यांनी मांडलं की माणसाला हक्क आणि भाकरी यांबरोबर स्वीकृतीही लागते. समाजाने तुमच्याविषयी हीन चित्र तुमच्यासमोर धरलं, तर ते तुम्हीही आत घेता, आणि तो अपमानापलीकडचा खरा अपाय असतो. दुसरे कॅनडाचे विल किमलिका. त्यांनी 1995 मध्ये एक उपयोगी फरक केला. अल्पसंख्य गट बाहेरच्यांच्या दडपणापासून स्वतःला जपायला संरक्षण मागतो, ते एक. आणि तोच गट आपल्याच माणसांनी बंड करू नये म्हणून त्यांच्यावर बंधनं घालतो, ते वेगळं. पहिल्याला पाठिंबा द्या, दुसऱ्याला देऊ नका, असं त्यांचं म्हणणं.

मग येतात भिखू पारेख. जन्म गुजरातेत अमलसाडचा, शिक्षण मुंबई विद्यापीठात, पुढे ब्रिटनच्या लॉर्ड्स सभागृहात. ते टेलर-किमलिकांना विचारतात, तुमचा उदारमतवाद तरी सगळ्या संस्कृतींच्या वर बसलेला पंच कुठे आहे? तोही एका संस्कृतीतूनच आलाय. अमर्त्य सेन यांची तक्रार निराळी: माणसाला एकाच ओळखीच्या डब्यात कोंबणं हीच हिंसेची पहिली पायरी. नेरूळची एखादी बाई एकाच वेळी मल्याळी असते, ख्रिश्चन असते, नर्स असते, आई असते, हार्बर लाइनची प्रवासी असते. कुठल्या वेळी कुठली ओळख पुढे करायची, हे तिला ठरवू द्या.

आणि आंबेडकर? की फक्त परदेशी नावं?

आंबेडकर आले नाहीत तर अभ्यासक्रम लंगडा आहे असं माझं स्पष्ट मत. आणि त्यांना शेवटच्या तासाला ‘भारतीय संदर्भ’ म्हणून उरकणं मला पटत नाही, कारण ते टेलरच्या मांडणीलाच धक्का देतात.

टेलर गृहीत धरतात की गटाला आपली ओळख हवी असते आणि जगाने ती मानावी अशी त्याची मागणी असते. आंबेडकरांनी 1916 मध्ये कोलंबिया विद्यापीठातल्या निबंधात दाखवलं की जात टिकते ती जातीतल्या जातीत लग्नं लावून. एकटीदुकटी जात नसतेच, जातींची अख्खी व्यवस्था असते. त्या व्यवस्थेने दिलेल्या ओळखीला जगाने मान द्यावा असं त्यांनी मागितलं नाही. ती मोडा, असं 1936 मध्ये लिहिलं. त्याआधी 1935 मध्ये येवल्याला धर्म सोडायची घोषणा केली आणि 14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात ती पुरी केली. म्हणजे प्रश्न उलटा झाला. लादलेली ओळख टाकता येते का? टाकली तरी समोरचा ती तुमच्या आडनावात वाचत राहिला तर? आणि आरक्षणासाठी तीच ओळख दाखल्यावर लिहावी लागते, या पेचाचं काय करायचं? टेलर वाचून या प्रश्नांची तयारी होत नाही.

याच्याच पुढचा वाद गोपाळ गुरू आणि सुंदर सरुक्काई या दोन भारतीय विचारवंतांचा: दलित अनुभवावर सिद्धान्त मांडायचा अधिकार तो अनुभव न घेतलेल्याला आहे का? गुरू अनुभव आणि सिद्धान्त यांची फाळणी करणाऱ्यांना धारेवर धरतात, सरुक्काई अनुभवाची मालकी आणि त्याचं लेखकत्व वेगळं काढून बघतात. वर्गात यावर मत देण्याआधी प्रत्येकाला आपण कुठे उभे आहोत हे तपासावं लागतं. काही मुलं त्या दिवशी पहिल्यांदाच गप्प बसतात.

‘प्रत्येक संस्कृती आपापल्या जागी बरोबर’ असं मानलं की वाद संपला ना?

पहिल्या दिवशी अर्धा वर्ग हेच म्हणतो. ऐकायला उदार वाटतं, आणि यामागे सभ्य इतिहासही आहे. 1947 मध्ये अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञांच्या संघटनेने मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याबद्दल अशाच धर्तीची शंका काढली होती: पश्चिमेची मूल्यं सगळ्या जगाच्या गळ्यात का मारता? वसाहतींच्या काळात हा सवाल रास्तच होता.

पण गाडी दोन ठिकाणी अडते. प्रत्येक संस्कृती आपल्या जागी बरोबर असेल, तर असहिष्णू संस्कृतीही बरोबर. मग तिला ‘सहिष्णू हो’ म्हणणार कुठल्या तोंडाने? दुसरी अडचण मोठी: ‘संस्कृती’ म्हणजे कोण? 18 एप्रिल 1966 ला हमीद दलवाईंनी सात मुस्लिम महिलांना घेऊन विधानभवनावर मोर्चा नेला, तोंडी तलाक आणि बहुपत्नीत्व यांविरुद्ध. संस्कृतीचा आवाज कुणाचा धरायचा, त्या सात जणींचा की त्यांना गप्प बसवणाऱ्यांचा? स्त्रीवादी विचारवंत सुझन ओकिन यांनी बहुसंस्कृतिवादाला हाच प्रश्न 1990 च्या दशकात विचारला. आपल्याकडे तो तीस वर्षं आधी रस्त्यावर आला होता.

जैनांच्या अनेकान्तवादाचा दाखला इथे हमखास येतो. तो या मताच्या बाजूचा नाही. सत्याला अनेक बाजू आहेत म्हणणं वेगळं आणि सत्यच नाही म्हणणं वेगळं.

सोसायटीत मासे-मटण खाणाऱ्यांना फ्लॅट नाकारतात. हा तत्त्वज्ञानाचा प्रश्न आहे का?

आहे, आणि वर्ग सगळ्यात जास्त तापतो तो यावरच. घोडबंदर रोडला भाड्याने घर शोधलेल्या कुणालाही विचारा, ब्रोकर फोनवर डिपॉझिटच्या आधी ‘व्हेज की नॉनव्हेज’ विचारतो. समजा कोळीवाड्यातलं एक कुटुंब तेविसाव्या मजल्यावर राहायला आलं, बाल्कनीत सुकट वाळत घातली, आणि दोन दिवसांत लिफ्टमध्ये नोटीस लागली.

एक बाजू म्हणते, घर आमचं, सोसायटी आमची, कुणासोबत राहायचं हे आम्ही ठरवू. संघटनेचं स्वातंत्र्य ही काही फालतू गोष्ट नाही, तुम्हीही घरी कुणाला बोलवायचं ते ठरवताच. दुसरी बाजू इंग्रज तत्त्वज्ञ जॉन स्टुअर्ट मिलचं 1859 मधलं तत्त्व काढते: दुसऱ्याला अपाय होत असेल तरच अडवा. मग वास म्हणजे अपाय की नुसती नावड? किमलिका मध्ये आणले की आणखी गुंता. शाकाहारी गट म्हणेल, आम्ही आमची जीवनपद्धती जपतोय, हे संरक्षणच आहे. पण ते संरक्षण दुबळ्याने बलवानापासून मागायचं असतं. टॉवरमध्ये पैसा आणि कमिटी ज्यांच्या हातात, ते गावठाणातल्या कोळ्यापासून कसलं संरक्षण मागतात? आणि टेलर आठवा: त्या घरातल्या आठ वर्षांच्या पोरीला लिफ्टमधली नोटीस वाचता येते. आपल्या आजीचं स्वयंपाकघर घाण आहे, हे तिला तिथून कळतं.

माझं मत लपवत नाही. वासाचा नियम करा, पण सुकटीला आणि हिंगाच्या फोडणीला एकच करा. बाल्कनीत काय वाळवायचं यावर सोसायटी बोलू शकते. माणूस कोण आहे यावरून दार बंद करणं हा तिचा अधिकार नाही. वर्गात याच्या विरुद्ध नीट युक्तिवाद केलात तर पूर्ण मार्क मिळतात, मिळालेही आहेत.

नवी मुंबईतले प्रकल्पग्रस्त, नामकरणाची आंदोलनं, हे अभ्यासात बसतं?

छान बसतं. 1970 मध्ये सिडको हे शहर वसवणारं सरकारी महामंडळ आलं आणि ठाणे, पनवेल, उरण तालुक्यांतल्या 95 गावांच्या जमिनींवर नवी मुंबई आखली गेली. जानेवारी 1984 मध्ये दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालच्या जासई परिसरातल्या आंदोलनावर गोळीबार झाला, पाच जण गेले. घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंडाचा हक्क त्या लढ्याचं फळ. पुढे विमानतळाला पाटलांचं नाव द्या म्हणून आगरी-कोळी समाज पुन्हा रस्त्यावर आला.

अमेरिकन विचारवंत नॅन्सी फ्रेझर वाचताना याहून चांगलं उदाहरण मला सापडलेलं नाही. त्या म्हणतात, अन्याय दोन तऱ्हेचा असतो: वाटपाचा आणि स्वीकृतीचा. भूखंड हे वाटप, नाव ही स्वीकृती. जर्मन तत्त्वज्ञ अॅक्सेल होनेथ त्यांच्याशी भांडतात, की वाटपाचं भांडणही मुळात मान मिळावा म्हणूनच असतं. साडेबारा टक्क्यांचा प्लॉट बिल्डरला देऊन बसलेल्या घरातला मुलगा नामकरणाच्या मोर्चात का येतो? फ्रेझरचं उत्तर एक, होनेथचं दुसरं. त्या मुलाचं तिसरंच असेल, म्हणून त्यालाही विचारा.

ओळखी जर माणसांनीच बनवलेल्या असतात, तर त्या खोट्या नाहीत का?

उत्तर कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या कॅथलिकांनी 1887 मध्ये ‘ईस्ट इंडियन’ हे नाव घेतलं. गोवा, मंगळूरहून आलेल्या ख्रिश्चनांपेक्षा आपण निराळे, इथले मूळचे, हे ब्रिटिश सरकारला आणि नोकऱ्या देणाऱ्यांना कळावं म्हणून. व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाला पन्नास वर्षं झाली तो मुहूर्त. म्हणजे नावाची जन्मतारीख, कारण, सगळं ठाऊक आहे. तरी मासुंदा तलावाकाठच्या चर्चमध्ये लग्न लागतं तेव्हा उंबराचं पाणी, लुगडं आणि मराठी गाणी यांतलं काहीही खोटं नसतं. नोटही माणसांनीच बनवलेली असते, तिच्याने भाजी येतेच.

बनवलेलं म्हणजे खोटं नव्हे, एवढं मान्य झालं की खरा प्रश्न पुढे येतो: जे बनवलंय ते बदलता येतं का, आणि कुणाला? तत्त्वज्ञ अँथनी अॅपिया यावर फार वाचनीय लिहितात.

नागसेनाचा रथ, लॉकची स्मृती, याचा या सगळ्याशी काय संबंध?

मिलिंद राजाला बौद्ध भिक्षू नागसेन विचारतात, चाक म्हणजे रथ का? आस म्हणजे रथ का? सुटे भाग काढत गेलं की रथ नावाचं वेगळं काही उरत नाही, तसाच ‘मी’. इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉक म्हणतो, आठवण जिथवर पोचते तिथवर मी तोच. हे व्यक्तीबद्दल. पण तोच प्रश्न समाजाला लावून बघा: भाषा बदलली, गाव गेलं, धंदा गेला, तरी समाज तोच म्हणायचा का? कशाच्या जोरावर? एमएला हे दोन धागे जोडणारा पेपर मिळाला तर सोडू नका.

वर्गात राजकारण होतं का? घरी भांडणं होतील अशी भीती वाटते.

राजकारण येतं, कारण विषयच तसा. नियम मात्र जुना आहे: आधी पूर्वपक्ष. समोरच्याचं म्हणणं असं मांडायचं की त्याने मान डोलावली पाहिजे, मगच खंडन. घरच्या भांडणांची हमी कुणी देऊ शकत नाही. पोरं पहिल्या वर्षी दिवाळीला आत्याशी वाद घालतात, तिसऱ्या वर्षी तिचं नीट ऐकून घेतात.

श्रद्धा जाईल का?

काहींची जाते, काहींची पक्की होते. बहुतेकांची जिथे होती तिथेच राहते, फक्त तिच्याबद्दल बोलता येऊ लागतं.

नोकरीचं काय? खरं सांगा.

प्राध्यापकी हवी असेल तर नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा आलीच. नेटमध्ये पहिला पेपर 50 प्रश्नांचा सर्वसामान्य, दुसरा 100 प्रश्नांचा तत्त्वज्ञानाचा, एकूण 300 गुण. ती निघाली तरी कायम जागा फार कमी. तासिका तत्त्वावर दोन-तीन कॉलेजांत पळणारे हुशार लोक मला माहीत आहेत, आणि त्या पैशात ठाण्यात घरभाडं निघत नाही. हे आधीच सांगितलेलं बरं.

यूपीएससीच्या मुख्य परीक्षेत तत्त्वज्ञान हा वैकल्पिक विषय आहे, 250 गुणांचे दोन पेपर, मराठीतून लिहिता येतात. अभ्यासक्रम आटोपशीर म्हणून बरेच जण घेतात. सामाजिक-राजकीय भाग आणि जातीचा प्रश्न तिथेही आहे. बीएनंतर कायद्याकडे गेलेल्या मुलांना युक्तिवादाची सवय कामी येते. काही प्रकाशन, पत्रकारिता, सामाजिक संस्था, कंपन्यांची मनुष्यबळ खाती इकडे वळतात. तिथे पदवीपेक्षा तुम्ही काय लिहून दाखवता ते बघतात. घरची परिस्थिती बेताची असेल तर बीएबरोबर एखादं हातचं कौशल्य धरून ठेवा.

एमएच्या प्रबंधाला इथलाच विषय घेता येईल का?

घ्याच. वाशी स्टेशनजवळ राज्याराज्यांची भवनं उभी आहेत, केरळचं, आसामचं, उत्तराखंडचं. स्थलांतरितांच्या संस्कृतीला राज्याने जागा द्यावी का, आणि गावठाणातल्या मूळच्या लोकांच्या तुलनेत किती? येऊरच्या आदिवासी पाड्यांवरचे लोक जंगलावर जो हक्क सांगतात तो व्यक्तीचा की समूहाचा? एपीएमसीतल्या (वाशीच्या घाऊक बाजारातल्या) माथाडींची ओळख कामाची की सातारच्या गावाची?

एक सावधगिरी. मुलं मुलाखती घेत सुटतात, शंभर पानं जमवतात, आणि मार्गदर्शक विचारतात, यात तत्त्वज्ञान कुठाय? म्हणून आधी एका वाक्यात प्रश्न लिहा, ज्याचं उत्तर ‘असायला हवं’ किंवा ‘नको’ असं येईल. ते वाक्य मार्गदर्शकांना दाखवा. त्यांनी त्यावर अर्धा तास हुज्जत घातली तर विषय चांगला आहे, नोंदणीचा फॉर्म भरा.